भयाण संस्थेतलं रहस्य: मुलांसाठी अशी गोष्ट पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांना पायरी-पायरीने

आडबाजूचं एखादं वसतिगृह, जाळी मारलेल्या खिडक्या, किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरणारी मेट्रन आणि कायम कुलूप असलेली एक खोली, एवढं सगळ्यांच्या डोक्यात तयारच असतं. पहिली तीन-चार प्रकरणं धडाधड लिहून होतात. मग गाडी अडते, आणि बहुतेक वेळा कारण हेच की त्या खोलीत नेमकं काय आहे ते लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं, "बघू, पुढे सुचेल" म्हणून नुसतं कुलूप लावून ठेवलेलं असतं.

मी साधारण ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी या प्रकारातलं लिहिते, आणि नव्याने लिहिणाऱ्यांचे ड्राफ्ट वाचायला येतात तेव्हा तेच तेच घोळ दिसतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. शक्यतो क्रमाने करा. मधूनच सुरुवात केलीत तरी चालेल, फक्त तिसरी पायरी गाळू नका.

आणि एक आधीच सांगून ठेवते. अशा गोष्टीत सगळ्यात भीतीदायक वस्तू कुठली असं मला विचारलंत तर मी नोटीस बोर्ड म्हणेन. तळघर, वटवाघळं, पांढरी साडी वगैरे सगळं नंतर.

सुरू करण्याआधी काय काय जवळ हवं

- इमारतीचा नकाशा. हाताने काढलेला, वाकडातिकडा चालेल, पण जिने, दारं आणि कुठलं दार कुठल्या बाजूने उघडतं हे त्यात हवंच.
- मुलांचा दिनक्रम, घंटांसकट.
- संस्थेची नियमावली, अगदी नोटीस बोर्डावर लावतात तशी.
- माणसांची यादी. प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी: याच्याकडे कुठली किल्ली आहे आणि याला खरं किती माहीत आहे.
- खरी हकीकत, तारीखवार, एका पानात. ही कुणालाही दाखवायची नाही.
- त्या वयाची दोन-तीन मुलं, जी तोंडावर "बोअर आहे" म्हणू शकतात. आपली स्वतःची मुलं शक्यतो नकोत, ती एकतर लाडाने चांगलं म्हणतात नाहीतर मुद्दाम वाईट.

सॉफ्टवेअर कुठलं हे मला सारखं विचारतात. कुठलंही. फोनवर लिहिलंत तरी चालेल, फक्त नकाशा आणि तारखांचा कागद लिहिताना समोर दिसेल असा भिंतीवर लावा.

१. वाचणारा किती वर्षांचा आहे ते ठरवा

"सगळ्यांसाठी" असं उत्तर असेल तर पुढे जाऊ नका. ८ ते १२ आणि १३ च्या पुढचे हे दोन वेगळे वाचक आहेत. इंग्रजीत पहिल्या गटाच्या कादंबऱ्या साधारण ३० ते ५० हजार शब्दांच्या आसपास असतात, पहिलीच असेल तर त्याहून लहान लिहा, काही बिघडत नाही. प्रकरणं छोटी ठेवा, एका बैठकीत एक संपलं पाहिजे आणि "अजून एकच" असं वाटलं पाहिजे.

नायक किंवा नायिका वाचणाऱ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं मोठी असावी. दहा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या हिरोची गोष्ट बारक्यांची वाटते, बारा वर्षांच्या हिरोची मात्र तो हातातून सोडत नाही.

काय चालतं, काय नाही? मृत्यू चालतो, पण शक्यतो तो गोष्ट सुरू होण्याआधी झालेला असावा किंवा पडद्याआड व्हावा. रक्त, जखमांची वर्णनं नकोत, त्यांची गरजही पडत नाही. क्रूरपणा चालतो, नाहीतर संस्था भयाण कशी होणार, पण तो शिक्षेच्या वर्णनातून दाखवण्यापेक्षा शिक्षेची वाट पाहण्यातून दाखवा. मुलगा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलाय, आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, एवढं बस झालं.

२. संस्था बांधा, नुसती इमारत नको

इथे लोक गॉथिक खिडक्या आणि वेलींची वर्णनं करत बसतात. त्याआधी चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा:

मुलं इथे का येतात?
त्यांचे पैसे कोण भरतं?
बाहेर कसं जाता येतं?
बाहेरून बघणाऱ्याला ही जागा कशी दिसते?

दुसरा प्रश्न सगळे विसरतात आणि निम्मं रहस्य तिथेच असतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात स्वस्तातल्या निवासी शाळा होत्या, त्यांच्या पेपरातल्या जाहिरातीत "सुट्ट्या नाहीत" असं ठळकपणे, जणू मोठी सोय असल्यासारखं छापलेलं असायचं. आता विचार करा, ही सोय कुणासाठी? जी मुलं घरी परत यायला नको होती त्यांच्या पालकांसाठी. अशाच एका शाळेतल्या मुलांची दृष्टी गेली म्हणून १८२३ मध्ये शाळेच्या मालकावर खटला झाला, आणि १८३८ मध्ये चार्ल्स डिकन्स स्वतः त्या भागात जाऊन शाळा बघून आला, मग कादंबरी लिहिली. एक भूत नाही त्यात. दोन शब्दांची जाहिरात वाचूनच पोटात गोळा येतो.

इंग्रज लेखिका शार्लट ब्राँटेचंही तसंच. ती आठ वर्षांची असताना तिला आणि बहिणींना पाद्र्यांच्या मुलींसाठीच्या एका निवासी शाळेत घातलं, थंडी आणि निकृष्ट जेवण, आणि १८२५ मध्ये तिच्या दोन मोठ्या बहिणी तिथून आजारी होऊन घरी आल्या आणि काही आठवड्यांच्या अंतराने गेल्या. पुढे १८४७ च्या कादंबरीत तिने त्याच शाळेवरून एक शाळा उभी केली. हे सांगायचं कारण एवढंच की तुमच्या संस्थेला पहिल्यांदा भूक आणि थंडी द्या, मग भूत.

तिसऱ्या प्रश्नासाठी एका समाजशास्त्रज्ञाचं काम फार उपयोगी पडतं. अर्व्हिंग गॉफमन. १९५० च्या दशकात तो वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात रुग्णांमध्ये वावरून निरीक्षण करत होता आणि १९६१ मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं की एरवी माणूस झोपतो एकीकडे, काम करतो दुसरीकडे, खेळतो तिसरीकडे, पण काही संस्थांमध्ये हे तिन्ही एकाच छपराखाली, एकाच सत्तेखाली, घंटेवर चालतं. तुरुंग, बराकी, वसतिगृहं, सॅनिटोरियम (दीर्घ आजाऱ्यांना ठेवायचं रुग्णालय) सगळं त्यात आलं. आणि आत घेताना काय करतात याची त्याने यादीच दिलीय: वजन घेतात, फोटो काढतात, नंबर देतात, आंघोळ घालतात, केस कापतात, स्वतःचे कपडे आणि वस्तू काढून घेऊन त्यांची नोंद करतात.

ही यादी म्हणजे तुमचं पहिलं प्रकरण आहे. अक्षरशः. नायिका आत येते आणि एकेक गोष्ट तिच्याकडून जाते, आणि प्रत्येक वेळी समोरची बाई गोडच बोलते. "हे आम्ही जपून ठेवू हं, बाळा." कुणी ओरडत नाही. ओरडणारी मेट्रन विनोदी होते, गोड बोलणारी मेट्रन रात्री आठवते.

सोयीसाठी आपण एक नमुना धरू आणि शेवटपर्यंत तोच वापरू. एक जुनं सॅनिटोरियम, आता नाजूक तब्येतीच्या मुलांची निवासी शाळा. मुलं ३०. खाटा ३०. पश्चिमेकडचा संसर्गाचा वॉर्ड बंद. बाहेरून बघणाऱ्याला पांढरीशुभ्र इमारत, बाग, हसरी मुलं.

३. नियमावली लिहा, आणि प्रत्येक नियमाला दोन कारणं द्या

हीच ती पायरी. एक कोरा कागद घ्या आणि संस्थेच्या भाषेत नियम लिहा. माझ्या नमुन्यातले चार देते:

दुसऱ्या घंटेनंतर खाटेवरून पाय खाली ठेवू नये.
धोबीखान्यातून आलेल्या कपड्यांचे खिसे तपासू नयेत.
पाहुणे आले असता एकमेकांस नावाने हाक मारावी.
पश्चिमेच्या जिन्याकडे जाऊ नये, तेथे धोका आहे.

यातला चौथा एकदम टाकाऊ आहे, मुद्दाम ठेवलाय. तो वाचणाऱ्याला बोट दाखवून सांगतो की रहस्य इथे आहे. त्यात कुतूहल नाही, नुसता बाण आहे. पहिला बरा आहे. दुसरा छान आहे, कारण वाचल्याबरोबर प्रश्न पडतो की अरे, खिशात असं काय असणार? आणि तिसरा माझा सगळ्यात आवडता, कारण तो काहीच सांगत नाही असं वाटतं आणि मग दोन सेकंदांनी डोक्यात शिरतं, की पाहुणे नसतात तेव्हा मग कशी हाक मारतात?

आता प्रत्येक नियमापुढे दोन रकाने काढा. सांगितलेलं कारण आणि खरं कारण. खिशांच्या नियमाचं सांगितलेलं कारण: जंतू. खरं कारण: बंद वॉर्डात कुणीतरी आहे आणि त्याचे कपडे याच धोबीखान्यात धुतले जातात, त्याने एकदा खिशातून चिठ्ठी पाठवली होती. दुसऱ्या घंटेचं सांगितलेलं कारण: फरशी गार असते, छाती भरेल. खरं कारण: तेव्हा जेवणाची ट्रॉली पश्चिमेकडे जाते. दोन्ही कारणं पटण्यासारखी हवीत. सांगितलेलं कारण हास्यास्पद असेल तर वाचणारं मूल म्हणतं, ही मुलं बावळट आहेत का, यांना कळत नाही? आणि तिथेच तुमची नायिका त्याच्या मनातून उतरते.

एखाद-दोन नियम असे ठेवा ज्यांचं खरं कारण अगदी साधं आहे. सगळ्याच नियमांमागे कट असेल तर वाचणाऱ्याला पॅटर्न कळतो. उदाहरणार्थ, जेवताना बोलायचं नाही, आणि खरं कारण एवढंच की वॉर्डनचं डोकं दुखतं.

नजर ठेवण्याची सोयसुद्धा याच पायरीत करा. अठराव्या शतकाच्या शेवटी जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने एका तुरुंगाची योजना मांडली होती, १७९१ मध्ये ती छापली गेली. गोल इमारत, कडेने कोठड्या, मध्ये पहाऱ्याचा मनोरा, आणि मनोऱ्यात पडदे अशा पद्धतीने की कैद्याला आत कुणी आहे की नाही हे कधीच कळू नये. म्हणजे पहारेकरी नसला तरी चालतं! हे मुलांच्या गोष्टीत कसं येईल? झोपण्याच्या हॉलच्या दाराला एक छोटी काच, आणि काचेवर बाहेरून पडदा. पडदा कधी थोडा बाजूला असतो, कधी नसतो. कुणी बघतंय का, माहीत नाही. या एका काचेवर तुम्ही दहा प्रकरणं काढू शकता, सीसीटीव्हीपेक्षा कितीतरी भारी.

४. भूत खरं की खोटं, आत्ताच ठरवा

"वाचकावर सोडू" हे उत्तर १३ च्या पुढच्यांना चालेल. लहान मुलांना मात्र फसवल्यासारखं वाटतं, आणि ती तसं सरळ बोलून दाखवतात.

तीन वाटा आहेत. भूत खरं. भूत खोटं, माणसाने केलेलं. किंवा भूत खोटं पण फसवणारंही कुणी नाही, म्हणजे नैसर्गिक कारण. ॲन रॅडक्लिफ नावाची इंग्रज लेखिका १७९० च्या दशकात दुसऱ्या-तिसऱ्या वाटेसाठी प्रसिद्ध होती, सगळं अघोरी वाटणारं शेवटी उलगडून दाखवायची. धोका असा की उलगडा भीतीपेक्षा लहान निघाला तर पुस्तक फेकून द्यावंसं वाटतं. एवढं घाबरवलंत आणि शेवटी मांजर? म्हणून माझा नियम: भूत खोटं निघालं तर त्याच्या मागचं सत्य भुतापेक्षा जास्त वाईट पाहिजे.

नैसर्गिक कारणांचा साठा हाताशी असू दे, मुलांना हे विज्ञान फार आवडतं. १९९८ मध्ये विक टँडी या इंजिनिअरने एक पेपर लिहिला. तो कॉव्हेंट्रीत ज्या लॅबमध्ये काम करायचा तिथे लोकांना अंगावर काटा यायचा, त्याला स्वतःला डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली होती. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात पकडलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरायला लागलं आणि त्यावरून त्याने शोध लावला की नव्या एक्झॉस्ट फॅनमुळे सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा आवाज खोलीत घुमतोय. हा सिद्धांत सगळ्यांना पटलेला नाही, पण गोष्टीसाठी ते पातं सोनं आहे. तसंच १९२१ मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका अमेरिकन जर्नलमध्ये एका कुटुंबाची हकीकत छापून आली होती, जुन्या घरात पावलांचे आवाज, आकृत्या, डोकेदुखी, झाडं सुकलेली, आणि कारण निघालं बिघडलेली भट्टी, तिच्यातून घरात कार्बन मोनॉक्साइड पसरत होता. "झाडं सुकतायत" हा किती सुंदर धागा, म्हणजे सुगावा, आहे बघा, समोर ठेवलेला, आणि कुणाचं लक्ष जात नाही.

आपल्या नमुन्यात मी पाइप घेतलेत. रात्री हॉलमधल्या पाइपांतून टकटक ऐकू येते. दुरुस्तीवाले काका सांगतात, पाइप गार होताना आकसतात, म्हणून आवाज येतो. हे खरंच होतं, काका खोटं बोलत नाहीयेत. वाचणारा निवांत होतो. मग एका रात्री नायिका कंटाळून पाइपवर दोनदा टिचकी मारते.

आणि पाइप दोनदा वाजतो.

५. गुन्हा सरळ लिहा, गोष्ट उलटी

तारखांचा कागद आता भरायचा. संस्थेने नेमकं काय केलं, कधी, कुणी, कशासाठी. कारण मुलाला एका वाक्यात समजलं पाहिजे. "जगावर राज्य" नको. पैसा, लाज लपवणं, खुर्ची टिकवणं, यातलं काहीतरी घ्या. आपल्याकडे असं: एका श्रीमंत मुलाला त्याच्या पालकाने इथे ठेवलंय, तो "आजारी" आहे तोवर इस्टेट पालकाच्या हातात आणि संस्थेला दरमहा भरपूर पैसे. मुलगा कधीच बरा झाला होता. डॉक्टरांनी खोट्या दाखल्यावर सही द्यायला नकार दिला, नोकरी सोडली. दाखले मात्र चालूच, त्याच सहीने.

आता यातून धागे काढा आणि नकाशावर पेरा. धोबीखान्यात ३१ शर्ट. स्वयंपाकघरात एक ताट वेगळं. डॉक्टर गेल्याची तारीख निरोप समारंभाच्या फोटोवर, आणि त्यानंतरच्या तारखेची त्यांची सही ऑफिसमधल्या कागदावर. प्रत्येक महत्त्वाचा धागा वाचणाऱ्याला उलगड्याच्या आधी दिसलेला हवा, आणि दिसला तेव्हा तो दुसऱ्याच कामासाठी आल्यासारखा वाटला पाहिजे. फोटो पहिल्यांदा येतो तेव्हा मुलं त्यातल्या डॉक्टरांच्या मिशीला हसत असतात. तारीख त्याच वाक्यात जाऊन बसते.

रोनाल्ड नॉक्स हा पाद्री रहस्यकथाही लिहायचा, त्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम काढले, त्यात एक असा की गुप्त खोली किंवा गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको. मजेत लिहिलेत काही नियम, पण हा मात्र पक्का पाळा. नव्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक पुस्तकाच्या कपाटामागे बोगदा असतो, मग कुठलंच कुलूप कुलूप राहत नाही. आणि गुन्हेगार सुरुवातीलाच गोष्टीत आलेला हवा हा त्याचा पहिलाच नियम, तोही घ्या. अलौकिक गोष्टी नकोत असंही तो म्हणतो, तिथे आपला आणि त्याचा मार्ग वेगळा, भूत खरं ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, फक्त भुताने गुन्हा उलगडून द्यायचा नाही. ते काम मुलांचं.

चकवे दोन पुरेत. एक माणूस जो उगाच संशयास्पद आहे (धोबीखान्यातल्या मावशी, ज्या मुलांना हाकलतात, कारण त्या चिठ्ठ्या पोचवायला मदत करतायत), आणि एक सिद्धांत जो मुलांनी स्वतःच रचलाय आणि चुकीचा आहे. दुसरा जास्त मजा आणतो.

६. मोठ्या माणसांचं काय करायचं

मूल घरी फोन करून सांगत का नाही? हा प्रश्न वाचणारा नक्की विचारणार, त्यामुळे उत्तर पहिल्या तीन प्रकरणांत येऊ द्या. "रेंज नाही" हे सगळ्यात आळशी उत्तर. त्यापेक्षा फोन करता येतो, पण दर रविवारी, ऑफिसमधून, समोर मॅडम बसलेल्या असताना. मुलगी आईला म्हणते, "मजेत आहे", आणि आईला खरं वाटतं. मुलांना हे लगेच भिडतं, कारण मोठे समोर असताना "मजेत आहे" म्हणणं त्यांना चांगलंच माहीत असतं.

सगळे मोठे वाईट नकोत. एक असा हवा ज्याला संशय आहे पण नोकरीची भीती आहे. आणि शेवटी एखाद्या मोठ्या माणसाची मदत लागली तरी चालते, पोलिसांना दार तोडायला मोठेच लागणार, पण कुठलं दार हे मुलांनी शोधलेलं पाहिजे.

मैत्रीकडे जरा लक्ष द्या. अशा जागेत मुलं एकमेकांवर चुगल्या करतात, कारण चुगलीला बक्षीस असतं. चुगली करणारा पोरगा शेवटी सुधारलाच पाहिजे असं नाही.

७. प्रसंग लिहिताना: विशेषणं कमी, मोजणी जास्त

रॅडक्लिफचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापला गेला, त्यात ती दोन प्रकारच्या भीतींत फरक करते: एक, ज्यात काहीतरी येणार आहे या चाहुलीने मन जागं होतं, आणि दुसरी, ज्यात समोर किळसवाणं बघून मन गोठतं. मुलांसाठी लिहिताना नव्वद टक्के पहिलीच वापरा.

सगळे असं लिहितात: "त्या भयाण, काळ्याकुट्ट, गूढ कॉरिडॉरमध्ये एक भीषण शांतता पसरली होती आणि तिच्या काळजाचा थरकाप उडाला." सगळी विशेषणं खर्च झाली आणि दिसलं काहीच नाही. त्याऐवजी:

"शर्ट मोजायचं काम तिच्याकडे आलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. टोपलीत अजून एक होता. तिने पुन्हा मोजले, या वेळी घड्या उलगडून. एकतीस. शेवटच्या शर्टाच्या कॉलरवर नंबर नव्हता, फक्त चार भोकं, जिथून नंबरची पट्टी उसवून काढली होती. शर्ट अजून ओला होता. म्हणजे कालच कुणीतरी घातला होता."

यात भीती हा शब्द नाही. थांबा, शेवटचं वाक्य मी आता परत वाचतेय आणि तेही काढलं तरी चालेल, मोठ्या मुलांसाठी असेल तर काढाच. आठ-नऊ वर्षांच्यांसाठी ठेवा, त्यांना तो धक्का हातात द्यावा लागतो.

आवाज, वास, स्पर्श वापरा, डोळ्यांना सुट्टी द्या. फिनेलचा वास, गादीतला कापसाचा गोळा, ओल्या भिंतीचा रंग नखाने निघणं. आणि प्रत्येक भीतीदायक प्रसंगानंतर एक हसण्याची जागा द्या, नाहीतर मूल पुस्तक बंद करून ठेवतं ते परत उघडत नाही. मेट्रनला मुलांनी पाठीमागे ठेवलेलं टोपणनाव, जेवणाच्या नावांची खिल्ली, असं काहीही. प्रकरणाचा शेवट दरवेळी किंकाळीवर करू नका, कधी प्रश्नावर करा, कधी नुसत्या घंटेवर.

८. इथे पाय घसरतो, जपून

सगळ्यात मोठा सापळा: मानसिक आजार किंवा अपंगत्व हेच भीतीचं साधन करणं. वेड्यांचं इस्पितळ, ओरडणारे रुग्ण, चेहऱ्यावर व्रण म्हणून खलनायक. हे जुनं झालंय आणि वाईटही आहे, कारण वाचणाऱ्या मुलांमध्येच कुणाला तरी व्रण असतो, कुणाच्या घरी कुणी औषधं घेत असतं. जुन्या मनोरुग्णालयात गोष्ट घडवायची असेल तर भीती तिथल्या व्यवस्थेची वाटू दे, रुग्णांची नको. अनाथ मुलांचंही तेच. "बिचारी" म्हणून लिहू नका, त्यांना डोकं असतं, वात्रटपणा असतो, राग असतो.

दुसरा सापळा म्हणजे खलनायकाचं भाषण. शेवटच्या प्रकरणात तो उभा राहून तीन पानं सगळं समजावून सांगतो. त्यापेक्षा मुलांनी कागद समोर ठेवावेत आणि त्याने गप्प बसावं.

तिसरा, स्वप्न होतं. नको. खरंच नको.

९. शेवट आणि त्यानंतरची चाचणी

संस्था उघडी पडली, ठीक. पण उरलेली ३० मुलं कुठे जाणार? ज्यांना घर आहे ती घरी, ज्यांना नाही त्यांचं काय? लेखक हे विसरतो, मुलं कधीच विसरत नाहीत, वाचून झाल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. एका पानात उत्तर द्या, सगळं गोड नसलं तरी चालेल, पण द्या. बंद वॉर्डातल्या मुलाचं पण सांगा, तो बाहेर आल्यावर पहिल्यांदा काय करतो ते. एखादी बारकी गोष्ट अनुत्तरित ठेवायची हौस असेल तर भुताची ठेवा, माणसांची नको. सगळे पाइप तपासून झाल्यावर एक टकटक अशी निघते जी त्या मुलाने केलेली नव्हती, एवढं परवडतं.

ड्राफ्ट झाला की आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग मोठ्याने वाचा, मुलांना वाचून दाखवा. "आवडलं का?" विचारू नका, हो म्हणतात. हातात पेन्सिल ठेवा आणि तीन खुणा करा: जिथे चुळबुळ झाली तिथे आडवी रेघ, जिथे कुणी मधेच प्रश्न विचारला तिथे प्रश्नचिन्ह, आणि जिथे सगळे एकदम गप्प झाले तिथे गोल. मध्यावर थांबवून विचारा, कुणी केलं असेल? सगळ्यांनी बरोबर सांगितलं तर धागे फार उघडे आहेत. कुणालाच काही सुचलं नाही तर धागे कमी आहेत. तिघांनी तीन वेगळी नावं घेतली आणि त्यावरून भांडायला लागली तर काही बदलू नका. आडव्या रेघा सलग दोन पानांवर आल्या तर ती दोन पानं काढून टाका, बहुतेक वेळा ती तुम्ही इमारतीच्या वर्णनात घातलेली असतात.